दुकान आपलंच आहे

सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. "माझी सून दिवसभर खुर्चीत बसून 'हं' म्हणते, आणि लोक डोळे पुसत तिचे आभार मानून जातात. मी जन्मभर घसा फोडून शहाणपण सांगत आले, मला कुणी पाणी विचारलं नाही." हे त्या शेजारणीला सांगत, दूधवाल्याला सांगत, आणि वाईट म्हणजे सुनेकडे आलेल्या माणसांनाही सांगत. घराला दार एकच, आणि दाराजवळची आरामखुर्ची सासूबाईंची. सुनेच्या खोलीपर्यंत पोचायचं तर आधी हा टोलनाका ओलांडावा लागे. झोप येत नाही म्हणून आलेल्या माणसाला "पाय गरम पाण्यात बुडवा," आणि नवऱ्याशी पटत नाही म्हणून आलेल्या बाईला "चार दिवस बोलूच नका, येईल नाक मुठीत धरून," असे सल्ले तिथे फुकट मिळायचे.

आत मात्र सल्ल्याला बंदी होती. येणारी माणसं सुनेला 'ताई' म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. ताई मानसोपचाराचं रीतसर शिकलेली. पण भिंतीवर प्रमाणपत्र नाही, मधे टेबल नाही, समोरासमोर दोन खुर्च्या फक्त. तिची खुर्ची बोटभर उंच निघाली, तेव्हा तिने सुताराला बोलावून पाय कापून घेतले होते. सुतार म्हणाला, "ताई, दुसरी उंच करून देतो की." ताई म्हणाली, "नको, माझीच खाली आण." तिचं सगळं शास्त्र त्या खुर्चीत आलं म्हणा ना. आलेल्या माणसाला त्याची वाट त्याच्या आतच ठाऊक असते, फक्त इतरांच्या शहाणपणाखाली ती दबलेली असते, असा तिचा विश्वास. म्हणून ती ऐकायची. जे ऐकलं ते आपल्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवायची, बरोबर आहे का बघायची. माणूस कसाही असो, त्याला आहे तसा घ्यायची. आणि स्वतः खोटं वागायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? करून बघा! घरातलं कुणी 'डोकं दुखतंय' म्हणालं, की 'चष्म्याचा नंबर बघून घे' असं न म्हणता नुसतं शेजारी बसून दाखवा. जीभ अशी वळवळते की विचारू नका.

तर एके दिवशी फोन आला. एक मुलगी म्हणाली, "मी मास्तरांना घेऊन येते. माझे वडील." एवढं सासूबाईंच्या कानावर पडलं आणि त्यांनी केस नीट विंचरले. मास्तर म्हणजे शिक्षक, शिक्षकांबद्दल त्यांना फार आदर. पांढऱ्या मिशीचा, बारीक अंगाचा, टापटीप कपड्यातला माणूस दारात आला तेव्हा त्या चक्क उठून उभ्या राहिल्या.

"या मास्तर. कोणता विषय?"

"शर्ट-पँट," मास्तर म्हणाले. "कधीमधी कोट. पण कोट आम्ही हल्ली घेत नाही."

शिंपीकाम करणाऱ्यालाही मास्तरच म्हणतात हे सासूबाईंच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मास्तर सल्ला न घेता आत निसटले. असं आजवर कुणाला जमलं नव्हतं.

आत बोलली ती लेकच. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची, बोलणं सुईसारखं नेमकं. आई जाऊन वर्ष होत आलं. आई-बाबा दोघं मिळून दुकान चालवायचे. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी शटर उघडतात आणि संध्याकाळी लावतात, मधे काही करत नाहीत. कात्रीला हात लावलेला नाही. लोक आपापली कापडं परत घेऊन गेले. जेवण अर्धं. "मी म्हणते माझ्याकडे या. तर ना हो, ना नाही, ताकास तूर लागू देत नाहीत. दुकानाचा गाळा ठेवायचा की सोडायचा ते मालकाला लवकरच सांगायचंय. ताई, तुम्ही त्यांना तयार करा."

"मी त्यांना कशालाच तयार करणार नाही," ताई म्हणाली. "त्यांना यावंसं वाटलं तर मी ऐकेन."

लेकीचा चेहरा पडला. "मग तुमचा उपयोग काय?" ती म्हणाली, आणि लगेच वरमली. "माफ करा. आई गेली. आता बाबाही माझ्या डोळ्यांदेखत थोडेथोडे जातायत. मला तेवढं थांबवायचंय, बाकी काही नको."

मास्तर लेकीच्या खांद्याकडे बघत होते. तिच्या अंगात रेडिमेड शर्ट होता आणि खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. मग ते ताईला म्हणाले, "आम्ही येऊ."

ते येत राहिले. ताईने सांगून पाहिलं की मी डॉक्टर नाही, तरी मास्तर तिला डॉक्टरच म्हणत. पहिले काही दिवस हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग हळूहळू दुकान उलगडायला लागलं. मास्तर उभ्याने कापणार, त्यांच्या बाई खिडकीखाली ठेंगण्या स्टुलावर काजं-बटणं आणि हाताची तुरपाई करणार. "मशीनचं काज आम्हाला पटत नाही," मास्तर म्हणत. "आम्हाला चहा कडक लागतो." "आम्ही दुपारी झोपत नाही."

जुनी माणसं स्वतःला 'आम्ही' म्हणतात, ताईने तेच धरलं. एक दिवस मात्र मास्तर म्हणाले, "आम्हाला गुडघ्याचा त्रास. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागते." आणि हे सांगणारे मास्तर दोन पायऱ्या एकदम चढून वर आले होते! गुडघे त्यांचे ठणठणीत. दुखरा गुडघा बाईंचा होता. वर्ष झालं तरी तो 'आम्हाला' दुखतच होता.

"तुम्हाला अजून जिना जड जातो," ताई म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. आपल्या भाषेतलं 'तुम्ही' मोठं सोयीचं आहे. त्यात एक माणूस बसतो आणि दोघंही बसतात. ताईने त्यातून बाईंना ढकलून बाहेर काढलं नाही. काढलं असतं तर मास्तरही त्यांच्यामागे गेले असते, हे तिला कळत होतं.

मग मास्तरांनी गिऱ्हाइकाचं सांगितलं. कुणी दारात आलं की मास्तर मान वर करून म्हणणार, "या, या." आणि खिडकीखालून बाई म्हणणार, "दुकान आपलंच आहे!" लग्न झाल्यापासूनची रीत. येणारा हसतच आत यायचा.

"आता गिऱ्हाईक आलं की आम्ही 'या, या' म्हणतो," मास्तर म्हणाले, "आणि थांबतो. पुढचं येतच नाही."

"तुम्ही वाट बघता."

"हो ना. गिऱ्हाईक बिचारं उभं. आणि कापायचं म्हटलं, तर कापून द्यायचं कुणाकडे? सवयीने हात खिडकीकडे जातो हो." ते आपल्या हाताकडे बघत बसले. ताईही बसली. त्या दिवशी दोघं पुढे काहीच बोलले नाहीत, आणि जाताना मास्तर म्हणाले, "आज बरं वाटलं." सासूबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

चूक झाली ती त्यानंतर. मास्तर सांगत होते की बाईंच्या गळ्यात फितीला बारकी कात्री लटकलेली असायची, तरी त्या दोरा दातांनीच तोडायच्या. मास्तर रागवायचे. मग बाई ओठावर दोऱ्याचा तुकडा तसाच ठेवून मुद्दाम गिऱ्हाइकाशी बोलायच्या. मास्तर हे सांगताना हसले, हसता हसता स्वतःच्याच ओठावरून बोट फिरवायला लागले, आणि ताई म्हणाली, "त्यांच्यावाचून आपल्याला करमत नाही."

मास्तर अवघडले. "'आपल्याला' नका हो म्हणू, डॉक्टर. 'तुम्हाला' म्हणा. आम्ही काही एवढे मोठे नाही."

बघा आता! भाषेने ताईला पळवाट आयती काढून दिली होती. मानाने बोलले, एवढं म्हटलं की मामला मिटला असता. समोरच्याच्या दुःखात स्वतःला घुसडायचं नाही हा तिच्या कामाचा पहिला धडा, आणि ती बरोबर तिथेच घसरली होती. पण खोटं वागायचं नाही हाही धडाच होता.

"मास्तर, मी मान देऊन 'आपण' नाही म्हणाले," ती म्हणाली. "चुकून गेलं तोंडून. मी त्यात मलाही धरलं. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण तुमच्याकडून ऐकून ऐकून मलाही त्यांची आठवण येते. परवा भाजी चिरताना माझ्या मनात आलं, यावर त्या काय म्हणाल्या असत्या. ते दुःख तुमचं आहे, मी मधे यायला नको होतं."

गेला हा माणूस, ताईला वाटलं, आता परत येत नाही.

"तुम्हाला?" मास्तर म्हणाले. "तुम्हाला तिची आठवण येते? नुसतं ऐकून?"

"हो."

"मग पोरीला किती येत असेल!"

हे त्यांनी ताईला विचारलं नव्हतं. ते कुणाशी बोलत होते देव जाणे. "पोरीला आम्ही विचारलंच नाही, तुला करमतं का म्हणून. ती शाळेतून यायची आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून अभ्यास करायची. आत जागा नव्हती." मग स्वतःच मान हलवली. "जागा होती. आम्ही केली नाही. आमचं दोघांचं असं जुळलेलं, की तिसरं माणूस मधे आलं की टाका चुकायचा. तिच्या शाळेच्या कपड्यांना दरवर्षी उशीर. आधी गिऱ्हाइकांचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता ती रेडिमेड घालते, आणि मी बघत बसतो."

'मी' म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ताईला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण तिने चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. "तुम्ही बघत बसता," ती म्हणाली, आणि या वेळचं 'तुम्ही' एकट्या मास्तरांचं होतं.

"तिला घेऊन येऊ का इथे?" मास्तरांनी विचारलं. "मला तिच्याशी एक बोलायचंय. घरी जमत नाही."

लेक आली ती तणतणतच. मालकाला त्याच संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं. दारात सासूबाईंनी तिला गाठलंच. "गाळा सोडा म्हणावं. म्हातारपणी माणसाने लेकीकडे सुखाने राहावं." लेक म्हणाली, "माझं पण तेच म्हणणं आहे!" आणि सासूबाईंनी आतल्या बंद दाराकडे असं बघितलं, जणू परीक्षेत पहिल्या आल्या. त्यांच्याबद्दल एक सांगितलं पाहिजे, दाराला कान लावायची त्यांना सवय नव्हती. त्यांना ऐकण्यात रसच नव्हता.

खोलीत तिसरी खुर्ची स्वयंपाकघरातून आणली, डुगडुगणारी. तीवर ताई बसली. मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला, घसा साफ केला. येताना रस्ताभर वाक्य घोळवलं असावं. लेकीकडे बघून ते सावकाश म्हणाले,

"या, या. दुकान आपलंच आहे."

पूर्ण वाक्य. दोन्ही अर्धुकं.

आणि लेक भडकली!

"बाबा, हे तुम्ही मला म्हणताय? मला? हे तर तुम्ही गिऱ्हाइकांना म्हणता! रस्त्यावरून कुणीही यावं, त्याला तुम्ही दोघं म्हणणार, दुकान आपलंच आहे. मी बाकावर बसून रोज ऐकायचे. आणि मला काय? 'आम्ही जेवलो, तू जेव.' 'आम्ही ठरवलंय, तुला या शाळेत घालायचं.' 'आम्हाला काम आहे, तू बाहेर बस.' आम्ही, आम्ही, आम्ही! परक्याला 'आपलं' आणि पोटच्या पोरीला 'आम्ही'. आई गेली तेव्हा सगळे तुमचं सांत्वन करायला आले. माझीही आई गेली होती हो, बाबा! आणि आज तुम्ही मलाही गिऱ्हाईक केलंत."

ती रडायला लागली.

ताईला सगळं दिसत होतं. 'आपलं' म्हणजे गिऱ्हाइकाला मानाने म्हणतात ते 'तुमचं', आणि 'आपलं' म्हणजे तुझं-माझं मिळून. एकच शब्द. बाप एका दारातून आला होता आणि लेक दुसऱ्या. ताईने एक वाक्य बोलायचा अवकाश, गुंता सुटला असता. ते वाक्य तिच्या ओठांवर येऊन बसलं. पण ते तिचं वाक्य झालं असतं. बाप-लेक घरी गेल्यावर पुन्हा गुंता झाला की पुन्हा ताईच लागली असती. हाताची घडी तोंडावर बोट, असं स्वतःला बजावून ती डुगडुगत्या खुर्चीवर गच्च बसून राहिली.

"तुमचीही आई गेली," ती लेकीला एवढंच म्हणाली.

मास्तर उठले. ताईला वाटलं, दाराकडे निघाले. आपण गप्प बसलो आणि सगळं घालवलं की काय? पण मास्तर वळून लेकीच्या खुर्चीमागे गेले. त्यांनी तिच्या शर्टाची दंडावर उतरलेली शिवण चिमटीत धरली आणि अलगद उचलून खांद्यावर, जिथे असायला हवी तिथे, आणून ठेवली.

"सैल आहे," ते म्हणाले.

"रेडिमेड आहे," लेक नाक ओढत म्हणाली.

"माहीत आहे. रोज बघतो."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"कोणत्या तोंडाने बोलू? अख्ख्या वस्तीची मापं मला पाठ आहेत, तुझं नाही." त्यांनी शिवण सोडली नव्हती. "मला नीट बोलता येत नाही गं. माझं अर्धं वाक्य तुझ्या आईकडे असायचं. आज पहिल्यांदा पुरं वाक्य मी एकट्याने म्हटलं, तर माप चुकलं. मी तुला गिऱ्हाईक नाही म्हणालो. आपलं म्हणजे..." त्यांनी मोकळ्या हाताची बोटं तिच्यासमोर धरली आणि एकेक मिटलं. "तू. मी. आणि ती."



"मला काज येत नाही, बाबा," लेक म्हणाली.

"काजासाठी कोण बोलावतंय? तू आत बस. इतकी वर्षं बाकावर बसलीस, आता आत बस. मला तिची आठवण येते, ती कुणाशी बोलू? आणि तुला येते ती तू कुणाशी बोलतेस?"

"कुणाशीच नाही," लेक म्हणाली, आणि बापाचा हात खांद्यावर तसाच धरून हुंदके देत राहिली. मास्तरही रडले. ताई खिडकीबाहेर बघत होती असं म्हणायची रीत आहे, पण ती बघत नव्हती. ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिचेही डोळे वाहत होते.

"गाळ्याचं काय करायचं?" लेकीने डोळे पुसून विचारलं.

"तू सोडू म्हणालीस तर सोडू. मला तिथे एकट्याने नाही बसायचं."

लेकीने फोन काढला. मालकाला लावला. ताईला वाटलं, आता ती म्हणेल, बाबांनी ठरवलंय, नाहीतर मी ठरवलंय. लेक म्हणाली, "नमस्कार. गाळ्याबद्दल फोन केला. नाही, आज नाही सांगता येणार. आपण अजून..." ती अडखळली, हसली, आणि जीभ चावून म्हणाली, "म्हणजे, आम्ही अजून ठरवतोय. बाबा आणि मी."

त्या 'आम्ही'वर मास्तरांनी मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

ते दोघं बाहेर पडताना सासूबाईंनी विचारलं, "मग? काय सल्ला दिला हिने?" मास्तर म्हणाले, "काहीच नाही." सासूबाईंना वाटलं तेच.

आतल्या गोष्टी ताई घरात कधीच बोलत नसे. त्यामुळे सासूबाईंना पुढचं काही ठाऊक नव्हतं. काही आठवड्यांनी एका रविवारी त्या बाजारातून आल्या आणि पिशवी टेबलावर आपटून म्हणाल्या, "त्या तुझ्या मास्तरांच्या दुकानात गेले होते. उशीचे अभ्रे शिवायला टाकले. अगं, काय विचित्र माणसं! दारात गेले तर मास्तर म्हणतात, 'या, या.' आणि थांबतात! मी तशीच उभी. मला वाटलं, विसरले काय पुढचं. तेवढ्यात खिडकीखालून आवाज येतो, 'दुकान आपलंच आहे!' बघते तर ती पोरगी स्टुलावर बसलेली. ही काय पद्धत झाली? एक वाक्य दोघांनी वाटून घ्यायचं?"

"हं," ताई म्हणाली.

"आणि बटण लावत होती, ते चांगलं वाकडं. मास्तर बघतायत आणि हसतायत. मी सांगणारच होते तिला, बाई गं, आधी खूण करावी, मग..." सासूबाई बोलता बोलता थांबल्या. सुनेच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

सासूबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. मग शेजारची खुर्ची ओढली आणि सुनेजवळ बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या.